सात पाण्यांत धुतलेल्या कोयी

श्रुतीचं एक होतं, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तोंडावाटेच बाहेर पडायची, मधे कुठे थांबायचीच नाही. सानपाड्याच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं की मधुकररावांची मुलगी जिन्यात भेटली तर गॅसवरचं दूध उतू गेलंच समजा. होम सायन्सचं शेवटचं वर्ष, अठ्ठ्याण्णव साल, मे महिना, आणि त्या महिन्यात तिच्या डोक्यात शिरली होती आंब्याची कोय.

झालं असं, की फळबाजार मुंबईतून वाशीला आला त्याला दोनेक वर्षं झाली होती आणि त्याच्या मागोमाग आमरस डब्यात भरणारे छोटे छोटे कारखानेही तुर्भ्याला उगवले होते. अशा एका कारखान्यामागे श्रुतीनं रिक्षातून जाताना कोयींचा ढीग पाहिला. ढीग कसला, टेकाडच. वर माश्यांचं मोहोळ, खाली काळं पाणी. रोज एक ट्रक यायचा आणि ते सगळं खाडीकडे नेऊन ओतायचा. इकडे तिच्या पुस्तकात छापलेलं, की कोयीच्या आतल्या गरात पिष्ट असतं, चांगलं स्निग्ध असतं, तंतू असतात. म्हणजे लोक शंभर रुपये किलोनं डब्यातली पौष्टिक पावडर विकत घेतायत आणि इथे ट्रक भरभरून पौष्टिक खाडीत चाललंय. घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, पुन्हा आईला सांगितलं. चारुलताबाई म्हणाल्या, "खाडीचं नंतर बघ, आधी ताटातली भेंडी संपव."

त्यातच वाशीला महिला मंडळांनी मिळून एक स्पर्धा ठेवली, फळांच्या टाकाऊ भागापासून पौष्टिक पदार्थ. परीक्षक महाप्याच्या एका खाद्यपदार्थ कंपनीतले मॅनेजर, आणि पहिलं येईल त्याचा पदार्थ कंपनी पाकिटात घालून बाजारात आणणार. आता सांगा, श्रुतीला रात्रीची झोप लागेल का?

दुसऱ्याच दिवशी ती पिशवी घेऊन कारखान्यावर गेली. गेटवरच्या माणसानं तिला कुत्र्यासारखं हाकललं. ती तिथेच उन्हात उभी, नाक लाल, तेवढ्यात आतून हातातली सुरी पदराला पुसत एक बाई बाहेर आल्या.

"कोयी कशाला पायजेत गं तुला? दात हायेत का त्या फोडायला?"

या शकुबाई. कारखान्यात आंब्याची देठं काढायचं काम करायच्या, नवरा हौसेराव फळबाजारात माथाडी, गाव साताऱ्याकडे, माण तालुक्यात, आणि घर कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत. श्रुतीनं त्यांना एका श्वासात पिष्ट, स्निग्ध, तंतू, खाडी सगळं सांगितलं. शकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू ह्या कशा करनार त्ये सांग. तुरट लागतंय, पोट बांधतंय. तुझ्या पुस्तकात तुरटपना काढायचं लिवलंय का?"

पुस्तकात नव्हतं.

"मग रविवारी घरी ये," शकुबाई म्हणाल्या. "आणि येताना जुना ड्रेस घालून ये, ह्यो डाग जात न्हाई."

त्यानंतर तीन आठवडे श्रुती कोपरखैरण्यालाच पडीक. शकुबाईंनी शिकवलं ते असं: कोयी उन्हात वाळवायच्या, वरवंट्यानं कवच फोडायचं, आतली बी काढून तिचं पातळ साल सोलायचं, काचऱ्या करायच्या आणि पाण्यात घालायच्या. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. सात पाणी. पहिलं पाणी शाईसारखं काळं, तिसरं चहासारखं, आणि सातवं असं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. मग वाळवून दळायचं. गिरणीवाल्यानं तो करडा प्रकार बघून हात जोडले, माझं बाकी गिऱ्हाईक पळेल म्हणाला, म्हणून शकुबाईंच्या जात्यावर दळलं. ते पीठ नाचणीत मिसळून श्रुतीनं थालीपीठ लावलं, गूळ घालून नानकटाई केली. शकुबाईंची ज्ञानेश्वरी, तेरा वर्षांची, तिनं चौथी नानकटाई उचलल्यावर श्रुतीला कळलं की जमलंय. शेजारच्या चार बायका येऊन चव घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, कंपनीचं काम आलं तर आम्हीपण बसू फोडायला, घरबसल्या होईल. श्रुतीनं लगेच सगळ्यांना कबूल करून टाकलं. शकुबाईंना ती मावशी म्हणायची, आणि शकुबाई तिला "आगं ए बडबडे" म्हणायच्या.

एका दुपारी दोघीच होत्या, घमेल्यात तिसरं पाणी चाललं होतं. श्रुती कंटाळून म्हणाली, "मावशी, पुरे ना आता. चार पाण्यांत होईल की."

"सातच," शकुबाई म्हणाल्या. "माझ्या आयनं सात सांगितलीत."

"तुमच्या आई करायच्या? तुमच्याकडे हे नेहमी खायचे?"

शकुबाईंचा हात पाण्यात थांबला. मग त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"बहात्तर साली. दुष्काळ व्हता. म्या नऊ वर्सांची. घरात दाना न्हवता. पाटलाच्या वाड्यावर लगीन व्हतं, त्यांनी कुठनं कुठनं आंबं आनलं व्हतं, पंगतीला रस न्हाई, आख्खं आंबं. आयनं मला नि माज्या भावाला पंगत उठल्यावर पाठवलं. पत्रावळींतल्या कोयी येचायला. लोकांनी चोखून टाकल्याल्या." त्या घमेल्याकडेच बघत बोलत होत्या. "दोन टोपल्या आनल्या. आय रडली न्हाई, बोलली न्हाई. सात पान्यांत धुतल्या. म्हनली, सात पान्यांत उष्टं जातंय. बारा दिवस तेच खाल्लं. तुरटपना गेलाच, पर ती तुरटपनासाठी धूतच न्हवती."

श्रुती गप्प. खरंच गप्प, तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

"ह्ये तुझ्यात नि माझ्यात," शकुबाई म्हणाल्या. "आमच्या मालकास्नीबी ठावं न्हाई. आमच्यात मानूस उपाशी मरंल, पर उष्टं खाल्लं म्हनून सांगनार न्हाई. कळलं का?"

"मावशी, देवाशप्पथ," श्रुती म्हणाली. आणि ती मनापासून म्हणाली होती, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

स्पर्धा मेच्या शेवटच्या शनिवारी. वाशीचा हॉल भरलेला, पंखे गरगरतायत, स्टेजसमोर केबलवाला प्रसाद खांद्यावर कॅमेरा घेऊन, कारण त्याच्या लोकल चॅनलवर सगळं दाखवणार होते. मधुकरराव पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. शकुबाई तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली पोपटी साडी, एका बाजूला ज्ञानेश्वरी आणि मागच्या रांगेत वसाहतीतल्या त्या चारजणी.

श्रुतीच्या आधीच्या बाईंनी केळ्याच्या सालीची चटणी केली होती आणि भरपूर टाळ्या घेतल्या होत्या. मग श्रुती उभी राहिली आणि सगळं चुकायला लागलं. तिनं पिष्ट सांगितलं, स्निग्ध सांगितलं, तक्ता दाखवला, तक्ता उलटा लागलेला. मागे कुणीतरी जांभई दिली ती स्टेजपर्यंत ऐकू आली. परीक्षक, ते महाप्याचे मॅनेजर, दिलीप सर म्हणत सगळे त्यांना, त्यांनी घड्याळ बघितलं. आणि नानकटाई हातात धरून, तोंडात न घालता, माइकवर म्हणाले, "कोयी कुठनं आणल्या? लोकांनी चोखून टाकलेल्या तर नाहीत ना?"

हॉल हसला. श्रुतीला हसला. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. आणि त्या एका क्षणात तिला दिसलं की हे हसू आपल्याकडे वळवता येईल, फक्त एक वाक्य हवंय, आणि ते वाक्य तिच्याकडे होतं.

"नाही सर, या कारखान्यातल्या आहेत, मशीनमधून आलेल्या," ती म्हणाली. "चोखलेल्या खाल्ल्यात त्या आमच्या शकुबाईंनी. बहात्तरच्या दुष्काळात, पाटलांच्या लग्नात पत्रावळींतून वेचून, सात पाण्यांत धुऊन, बारा दिवस. आणि बघा, अजून एका हातानं पेटी उचलतात."

असा हशा पडला म्हणून सांगू. पोटं धरून. दिलीप सरही हसले आणि त्यांनी ती नानकटाई तोंडात टाकली. "कुठायत शकुबाई? उभ्या राहा की," ते म्हणाले. सगळा हॉल मागे वळला, प्रसादचा कॅमेराही वळला. शकुबाई उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळेच वाजवायला लागले. शकुबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, डोक्यावर नाही, तोंडावर. श्रुतीनं ते पाहिलं. पण टाळ्या चालू होत्या, आणि ती बोलायला लागली, सात पाणी, जातं, नाचणी, आता सगळं कसं धडाधड येत होतं, आणि लोक ऐकत होते.

पहिला नंबर आला. ट्रॉफी घेऊन ती खाली उतरली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

प्रसादनं ती कॅसेट चार दिवस दाखवली, संध्याकाळी बातम्यांनंतर, आणि लोकांना आवडला म्हणून तो हशाचा तुकडा मधल्या जाहिरातींच्या जागीसुद्धा. पाचव्या दिवशी श्रुती त्याच्या दुकानात गेली, बंद कर म्हणाली. तो म्हणाला, "अगं, हिट आहे. लोक फोन करून लावायला सांगतायत. तुला काय टेन्शन, तू तर मस्त दिसतेस." ती तिथे उभीच राहिली, इतका वेळ की शेवटी त्यानंच वैतागून कॅसेट काढून तिच्या हातात दिली. पण कोपरखैरण्याला ज्यांना बघायचं होतं त्यांचं तोपर्यंत बघून झालं होतं.

मग ती वसाहतीत गेली. गल्लीच्या तोंडाशी पोरं क्रिकेट खेळत होती. ज्ञानेश्वरी पाण्याची कळशी घेऊन आली तसा एकजण बॅट टेकवून ओरडला, "ए उष्टी कोय, बाजूला हो." पोरगी बाजूला झाली. इतक्या सवयीनं बाजूला झाली, जणू तेच तिचं नाव होतं.

शकुबाई घरीच होत्या. "या," म्हणाल्या. "बसा."

श्रुती बसली. शकुबाईंनी चहा टाकला, कपबशीत दिला. घरात कोयींचं घमेलं नव्हतं, जातं भिंतीशी उलटं टेकवलेलं.

"मावशी, मी..."

"तुमचा नंबर आला, चांगलं झालं."

"मावशी, मला असं अहोजाहो नका ना करू. मी चुकले. माझ्या तोंडातून..."

"तोंडातनं न्हाई," शकुबाई शांतपणे म्हणाल्या. "तोंडातनं निसटलं असतं तर म्या समजले असते. बडबडीच हायसा तुमी. तुमी इचार केला. म्या बघत व्हते ना समोरनं. साहेब हसला, तुमी माज्याकडं बघितलंसा, आणि मग बोललासा."

ते तसंच होतं. तिनं पाहिलं होतं. पोपटी साडी पाहिली होती आणि मग बोलली होती. तिनं स्वतःलासुद्धा हे अजून सांगितलं नव्हतं.

"सतरा वर्सं संसार केला," शकुबाई म्हणाल्या. "मालक कायबी बोलले न्हाईत. त्या दिसापासनं जेवताना माज्या हाताकडं बघत्यात. बस, एवढंच."

"मी सगळ्यांसमोर माफी मागते," श्रुती रडत म्हणाली. "प्रसादला सांगते, पुन्हा कॅमेरा लावायला. त्याच चॅनलवर. नाहीतर इथे नळावर सगळ्या बायका असतात तेव्हा..."

"नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "जितक्यांदा माफी मागशीला तितक्यांदा तीच गोष्ट पुन्ना सांगशीला. लोकं इसरायला लागली की तुमी येनार, आणि म्हननार, म्या शकुबाईची उष्टी कोय काढली, चुकले. तुमचं मन हलकं हुईल. आमचं काय?"

कपातला चहा निवला. निघताना श्रुती पाया पडायला वाकली, तर शकुबाई मागे सरकल्या.

घरी तिनं आईला सांगितलं डोकं दुखतंय. आणि डोकं दुखतच होतं, पण त्याच संध्याकाळी दिलीप सरांचा फोन आला की सोमवारी महाप्याला या, पाकीट तयार आहे, वडिलांना घेऊन या. मधुकररावांनी बेलापूरच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांच्या ऑफिसात म्हणायचे, मधुकररावांच्या टेबलावरून खोटा दाखला जात नाही, मंत्र्याचा भाचा आला तरी. ते कधी कुणापुढे मुलीचं कौतुक करत नसत, पण त्या सोमवारी रिक्षावाल्याला त्यांनी न विचारता सांगितलं, "मुलीच्या कामासाठी चाललोय, कंपनीत."

कंपनीच्या केबिनमध्ये एसी होता. दिलीप सरांनी टेबलावर पाकिटाचा नमुना ठेवला. पुढे नानकटाई. मागे एका बाईचं चित्र, डोक्यावर पदर, हातात टोपली, पायाशी पत्रावळी, आणि खाली मजकूर: दुष्काळात एका माउलीनं पत्रावळीतल्या कोयी वेचल्या, सात पाण्यांत धुतल्या...

श्रुतीनं पाकीट मागे सारलं. "सर, हे नको. पीठ राहू दे, ही गोष्ट नको."

"अगं, गोष्टीमुळेच तर विकलं जाणार. कोयीचं पीठ म्हटलं तर कोण घेतंय? लोक नाकं मुरडतील. ही गोष्ट वाचली की डोळ्यांत पाणी येईल आणि माल उचलतील."

"त्यांना आवडणार नाही, शकुबाईंना."

"नाव कुठे टाकलंय? फोटो नाही, गाव नाही."

"तरी कळणार, सर. सगळ्यांना माहीत आहे."

"मग तर प्रश्नच मिटला," दिलीप सर समजुतीनं म्हणाले. "हे बघ बाळ, गोष्ट तूच सांगितलीस, माइकवर, चारशे लोकांसमोर. आता ती कुणा एकाची राहिली नाही. पुढच्या महिन्यात दुकानात असेल, ठाण्यापासून पनवेलपर्यंत."

ठाण्यापासून पनवेलपर्यंत. आणि कोपरखैरण्याच्या वाण्याकडे. ज्ञानेश्वरी साखर आणायला जाईल तिथे, काउंटरवर, पाकिटांची रांग. तिनं बाबांकडे पाहिलं. ते पाकीट हातात घेऊन मजकूर वाचत होते, ओठ हलवत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं जे ते घरी लपवतात.

"सर," ती म्हणाली, "ती गोष्ट खोटी आहे."

दिलीप सरांनी मान वर केली.

"म्हणजे?"

"मी बनवली. तुम्ही चोखलेल्या कोयींचं विचारलंत, लोक हसले, मला काही सुचेना, म्हणून मी ठोकून दिलं. शकुबाई फक्त माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी असलं काही कधी खाल्लेलं नाही. त्या उभ्या राहिल्या कारण तुम्ही सांगितलंत."

दिलीप सर मागे टेकले. "आणि सात पाणी?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. गोष्ट खोटी म्हटली की कृतीही गेली. तीन आठवड्यांचं घमेलं, जातं, त्या चारजणींचं घरबसल्याचं काम, सगळं.

"तेही पुस्तकात नाहीये," ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"अशा पिठाचे मी लोकांना खायला पदार्थ देऊ?" दिलीप सरांनी पाकीट मधुकररावांच्या हातातून काढून घेतलं, ओढून नाही, दोन बोटांनी, अलगद. ते जास्त लागलं. "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुम्हाला माहीत होतं?"

मधुकरराव उठून उभे राहिले. "नाही," म्हणाले. "मला माहीत नव्हतं. माफ करा." त्यांनी हात जोडले. श्रुतीनं आपल्या वडिलांना कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं, देवळात सोडून.

"ट्रॉफी परत पाठवून द्या," दिलीप सर म्हणाले. "मंडळाच्या बायकांना मी कळवतो."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकमागून ट्रक. दोघं बसस्टॉपवर उभे राहिले. रिक्षा तीन आल्या, मधुकररावांनी एकीलाही हात केला नाही.

"हसवायला म्हणून," ते शेवटी म्हणाले, रस्त्याकडे बघत. "एका कष्टाच्या बाईला, लोकांची उष्टी खाल्ली म्हणून, चारशे लोकांत उभं केलंस. आणि तेही खोटंच."

श्रुतीनं तोंड उघडलं. खोटं नाही बाबा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द, आणि बाबांच्या नजरेत ती निदान खोटारडी राहिली नसती. पण मग बाबा विचारणार, म्हणजे त्या बाईनं खरंच खाल्लं? आणि मग ते आईला सांगणार, आई जिन्यातल्या शेजारणीला, वाईट मनानं नाही, हळहळून. आणि खरं सांगायचं तर, बाबा जे म्हणाले त्यातलं खोटेपण काढून टाकलं तरी बाकीचं होतं तसंच राहत होतं. उलट जास्त वाईट होत होतं.

"काय?" मधुकररावांनी विचारलं.

"काही नाही," श्रुती म्हणाली.

बस आली. गर्दी नव्हती, बऱ्याच सीट रिकाम्या होत्या. मधुकररावांनी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली, एक मागे वळून तिच्या हातात दिलं, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसले. श्रुती मागच्या दाराजवळ बसली. सानपाडा येईपर्यंत तिला त्यांच्या शर्टाची पाठ दिसत होती, इस्त्री मोडलेली, मधोमध घामानं ओली, आणि ती एकदाही वळली नाही.